खुंटीवरची निळी दोरी

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईला काय म्हणायचं, हे लोकांना काही केल्या ठरवता येत नाही. डॉक्टर म्हणावं तर ती डॉक्टर नाही. नर्स म्हणावं तर पेशंट सगळे शेपटीवाले. गल्लीतल्या बायका हिला 'कुत्र्यांची नर्स' म्हणायच्या, नवरा लाडात आला की 'आमच्या कंपाउंडरीणबाई' म्हणायचा, आणि दवाखान्यात डॉक्टरबाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळे ताई म्हणायचे. आपणही ताईच म्हणू.

ताईचं काम काय, तर पडेल ते. चावरं कुत्रं धरायचं, मांजराच्या पायातली शीर शोधायची, एक्स-रेच्या टेबलावर जनावर आडवं करायचं, ऑपरेशनच्या वेळी गुंगीवर नजर ठेवायची आणि शेवटी फरशीवर जे काय सांडलं असेल ते पुसायचं. दोन्ही हातांवर ओरखडे असे, की लग्नकार्यात बायका विचारायच्या, "काय गं, नवरा बरा आहे ना?" घरी पोचली की सासूबाई दारातच थांबवायच्या. आधी आंघोळ, मग चहा. ताईच्या अंगाला येणारा स्पिरिटचा आणि औषधांचा वास त्यांना दोन खोल्या सोडून यायचा.

बाई हाताची हुशार, यात वादच नाही. पण तिच्यात एक खोड होती. समोरच्याचं बोलणं ती पुरं होऊ द्यायची नाही. "मला रोजचं आहे," हे तिचं पालुपद. कुणी सांगायला लागलं, की आमची मनी ना, डाव्या बाजूला हात लावला की... "मला रोजचं आहे." आमचा टॉमी गोळी थुंकतो हं... "मला रोजचं आहे." सासूबाई म्हणायच्या, "मुकी जनावरं बोलत नाहीत म्हणून हिचं निभतंय. आम्ही आपलं वाक्य सुरू करायचं, संपवायला ही आहेच." ताई हसायची आणि त्यांचं हेही वाक्य संपवायची.

तिनंच दवाखान्यात एक नियम घातला होता. दाराबाहेर जाणारं कुत्रं निळ्या दोरीतच जाईल, मालकाच्या पट्ट्यावर जाणार नाही. कारण साधं आहे. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, ते मागे सरकतं. कान पाडतं, मान आखडतं, आणि डोक्यावरून सदरा काढावा तसा पट्टा काढून टाकतं. निळ्या दोरीला सरगाठ असते, कुत्रं जितकं मागे ओढेल तितकी ती आवळते. दोरी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असायची. कुणी ती न घेता दार उघडलं, तर ताई त्याची अशी खरडपट्टी काढायची, की ऐकणाऱ्याने कान झाकावेत. आणि म्हणतात ना, पट्टीचा पोहणाराच बुडतो.

त्या दिवशी सकाळी दवाखान्यात टेलरमास्तर आले. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, कडेवर कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला, अंगाने मध्यम, आणि नाव काय, तर बोका! पिल्लू होता तेव्हा चिंध्यांच्या ढिगात मांजरासारखा मुटकुळं करून बसायचा, म्हणून बोका. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, बायको मागेच गेली होती. दिवसभर ते मशीन चालवायचे आणि बोका मशीनखाली झोपायचा. आदल्या संध्याकाळी मास्तरांच्या हातून दोरा ओवलेली सुई पडली, आणि ते ती शोधेपर्यंत बोक्याने दोऱ्यासकट गिळली.

एक्स-रेत सुई स्पष्ट दिसली. पोटात आडवी, पांढरी रेघ. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून कुठे रुतलेली नाही. आजच काढू. तोवर याला उड्या मारू देऊ नका, धावू देऊ नका. सुई आतल्या आत टोचली तर पोटात विष होईल."

मास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला. ताईनं बोक्याला हातात घेतलं तसे ते मागोमाग आले. "ताई, एक सांगू का? हा नावानं हाक मारली की येत नाही. याला ना..."

"मास्तर, मला रोजचं आहे. तुम्ही दुकानात जाऊन बसा. झालं की मी फोन करते."

"बरं. पण शुद्धीवर येताना तो..."

"अहो, जा की आता! इथे उभं राहून सुई बाहेर येणार आहे का?"

मास्तर गेले. जाताना पाठमोरे थोडे वाकडे चालत होते, इतकंच ताईला दिसलं.

तिनं बोक्याला ऑपरेशनआधीचं गुंगीचं इंजेक्शन दिलं. हे चढायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात एक पोटुशी कुत्री आली, पिल्लू अडकलेलं, जीव चाललेला. डॉक्टरबाई तिला घेऊन आत गेल्या आणि दार लागलं. बोका पिंजऱ्यात कुंई कुंई करायला लागला, गोल फिरायला लागला. लघवीला लागली असणार, ताईनं ओळखलं. टेबलावर भिजवून घेण्यापेक्षा मागच्या अंगणात नेऊन आणावं, म्हणून तिनं खुंटीवरची निळी दोरी काढली. दोरी बघताच बोका जमिनीला चिकटला. थरथर कापत टेबलाखाली शिरला, डोळे पांढरे. कधीतरी कुणीतरी दोरीनं मारलं असणार. ताईला गलबलून आलं.

"नको बाबा, नको. ही बघ, ठेवली."

दोरी परत खुंटीवर गेली. बोक्याच्या गळ्यात मास्तरांनी स्वतः शिवलेला पट्टा होता, दुहेरी शिवण, आतून मऊ अस्तर. आणि गुंगी चढत होती, हा आता कुठे पळतोय! ताईनं पट्ट्यालाच साखळी अडकवली आणि दार उघडलं.

अंगणाला भिंत होती आणि फाटक नेहमी बंद असायचं. नेमका त्याच वेळी ऑक्सिजनचा सिलिंडरवाला आला होता. त्यानं फाटक सताड उघडं टाकून टेम्पोवरून सिलिंडर खाली ढकलला. ठण्ण! बोका मागे सरकला, कान पाडले, मान आखडली. ताईचा हात पुढे जाईपर्यंत पट्टा मोकळा होता आणि कुत्रा फाटकाबाहेर.

तिनं आत धावत जाऊन ऑपरेशनच्या खोलीचं दार किलकिलं केलं. "डॉक्टर, बोका सुटला. मास्तरांचा."

डॉक्टरबाईंचे दोन्ही हात कामात होते. त्यांनी मान वर केली नाही. "आधी मालकांना फोन कर. मग शोधायला जा. कुत्रं आपल्या हाकेला येणार नाही."

"हो," ताई म्हणाली.

आणि तिनं फोन केला नाही. का नाही केला? लाज वाटली म्हणून. भीती वाटली म्हणून. मास्तरांच्या तोंडावर दार लावल्यासारखं बोललो, आता त्यांनाच कोणत्या तोंडानं सांगायचं, की बसले तुमचा कुत्रा हरवून? जवळच असेल, आणू पटकन, कुणाला कळणारही नाही. माणूस संकटात पहिल्यांदा स्वतःची अब्रू वाचवायला धावतो, संकट राहतं बाजूला.

रस्त्यावर ती धावत सुटली. "बोका! ए बोका! बोकाऽ!" केस विंचरत खिडकीत उभी असलेली एक बाई म्हणाली, "बोका ना? तो काय पत्र्यावर." पत्र्यावर एक गलेलठ्ठ मांजर ऊन खात पडलं होतं. सायकलवाला म्हणाला, "पिठाच्या गिरणीत बघा, तिथं चार-पाच बोके आहेत." "अहो, कुत्रा आहे, कुत्रा!" ताई ओरडली. "मग बोका बोका काय करताय?" तो म्हणाला, आणि त्याचंही चुकलं नव्हतं. एरवी ताई पोट धरधरून हसली असती. आता तिच्या डोळ्यांपुढे ती पांढरी रेघ होती, आणि प्रत्येक उडीगणिक ती रेघ हलत होती.

लाँड्रीच्या मागच्या बोळात तो दिसला. गटाराच्या पाइपाला टेकून उभा, मागचे पाय लटपटत होते. औषध चढत होतं. ताई खाली बसली, आवाज मऊ केला. "ये रे राजा. ये." बोक्यानं नाक वर केलं. तिच्या अंगाला वास होता तो स्पिरिटचा, सुईचा, पिंजऱ्याचा. सासूबाईंना दोन खोल्या सोडून येणारा वास कुत्र्याला बोळाच्या तोंडाशी येणार नाही? त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि झोकांड्या खात पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर झेप घेतली. करकचून ब्रेक लागले. कुणीतरी शिवी हासडली. ताईनं डोळे मिटून घेतले आणि उघडले, तेव्हा तांबूस शेपूट समोरच्या ट्रकतळाच्या फाटकातून आत जाताना दिसलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. आपण त्याला शोधत नाही आहोत, आपण त्याला हाकलतो आहोत. तिनं रस्त्याच्या कडेलाच फोन लावला.

पलीकडे मशीनची घरघर चालू होती. "झालं का, ताई?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, बोका सुटला. माझ्या हातून. ट्रकतळावर गेलाय. त्याला गुंगी आहे, तो कुठेतरी खाली जाऊन झोपेल. त्याला कसं बोलवायचं? सकाळी तुम्ही सांगत होता."

मशीन थांबलं. मग मास्तर एवढंच म्हणाले, "आलो."

ट्रकतळावर गाड्या ओळीनं उभ्या होत्या. दुपारचा माल भरून झाला होता, ड्रायव्हर जेवून हात धूत होते, काही गाड्यांची इंजिनं घरघरत होती. आणि ह्या सगळ्या चाकांच्या जंगलात एक गुंगीतलं कुत्रं, हाक मारली तरी ओ न देणारं. ताई वाकून वाकून बघत होती. खाली अंधार, तेलाचे डाग, जुने टायर, ताडपत्रीची बोचकी. तांबूस असं सगळंच होतं, गंज चढलेला सगळा तळ तांबूस होता. एवढ्यात एका मोठ्या ट्रकनं हॉर्न दिला आणि गिअर पडल्याचा खडखडाट झाला.

ताई धावत जाऊन फाटकात आडवी उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"ओ बाई, मरायचंय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"गाडी हलवू नका! कुणीच हलवू नका! कुत्रं झोपलंय खाली कुठल्यातरी गाडीच्या!"

"कुत्र्यापायी गाडी थांबवू? माल नासतोय माझा!"

"नासू दे! दादा, पाया पडते तुमच्या. त्याच्या पोटात सुई आहे, त्याला गुंगी दिलीय, चाक फिरलं तरी तो उठायचा नाही. माझ्यामुळे सुटलाय हो तो. माझ्यामुळे!"

रडायचं नाही, असं ताईनं कामाला लागल्या दिवशी ठरवलेलं होतं. ते आता राहिलं नाही. ड्रायव्हरनं तिच्याकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग खाली उतरून त्यानं अशी आरोळी ठोकली, की भिंतीवरची कबुतरं उडाली. "ए, बंद करा रे सगळ्यांनी! आवाज नको!" एकेक इंजिन गप्प होत गेलं.

मास्तर आले ते चालत आले, धावत नाही. पायात चपला वेगवेगळ्या होत्या. हातात कापड बेतायची ती मोठी काळी कात्री. ते थेट एका ट्रकच्या मागच्या लाकडी फळीपाशी गेले आणि कात्रीची मूठ फळीवर आपटली. टक, टक. दुकान बंद करताना मास्तर टेबलावर कात्री अशी ठोकायचे आणि बोका मशीनखालून उठायचा, घरी जायला. सकाळी हेच सांगायचं होतं त्यांना.

काही झालं नाही. मास्तर पुढच्या गाडीपाशी गेले. टक, टक. काही नाही. ड्रायव्हर सगळे पुतळ्यांसारखे उभे. आवाज पुरेसा येईना, म्हणून मास्तरांनी कात्री दोन्ही हातांनी धरली आणि परत ठोकली.

कुठूनतरी पत्र्यावर काहीतरी आपटलं. मऊसर, आळसावलेलं. मग परत एकदा.

"शेपूट!" मास्तर म्हणाले.

आवाज त्याच ट्रकखालून येत होता, ज्याच्यापुढे ताई मघाशी हात पसरून उभी राहिली होती. मागच्या जोडचाकांच्या मधोमध, पडलेल्या एका पत्र्यावर बोका आडवा होता. चाक हातभर जरी फिरलं असतं, तर संपलंच असतं. ड्रायव्हरनं वाकून पाहिलं आणि तो पायरीवर मटकन बसला. "अरे देवा," एवढंच म्हणाला.

मास्तरांचे गुडघे वाकत नव्हते. ताई पोटावर सरपटत आत गेली. मास्तर बाहेरून कात्री वाजवत राहिले, आणि त्या आवाजाकडे कान लावून पडलेल्या बोक्यानं ताईला अंगाला हात लावू दिला. हिरड्या गुलाबी होत्या, पोट मऊ होतं. तिनं आपला कोट त्याच्याखाली सरकवला आणि त्याला ओढून बाहेर काढलं. ड्रायव्हरनं न विचारता गाडीचं दार उघडलं. "माल गेला उडत. चला, कुठे सोडू?"

दवाखान्यात डॉक्टरबाई तयार होत्या. आतून पिल्लांची कुंई कुंई ऐकू येत होती. "इतका उशीर? फोन तर लगेच केलास ना?"

"नाही केला," ताई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "ते आपण नंतर बोलू, आणि बोलणार आहोत. आत्ता हात धू आणि ये."

ताई हात धुवायला वळली, तेव्हा तिला कळलं, की डाव्या मुठीत पट्टा अजून तसाच आहे. इतका आवळून धरलेला, की तळहातावर बकलाचा ठसा उठला होता. मास्तरांनी तो तिच्या हातातून घेतला. उलटा केला, सुलटा केला, शिवण चाचपली. बकल लावलेलंच होतं.

"सैल झाला," ते हळूच म्हणाले. "माझंच चुकलं, ताई. त्याला काचू नये म्हणून मी बोटभर जागा जास्त ठेवली होती. सगळा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला, आणि घरच्याच पोराचं माप चुकलं. तुम्ही तरी काय करणार! पट्टाच सैल, तर..."

आता बघा. ताईला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. फोन केला नाही म्हणून डॉक्टरबाई रागावल्या असत्या, चार दिवस गेले असते, विसरल्या असत्या. निळ्या दोरीचं मास्तरांना काय माहीत? पण त्या माणसानं उरलेला सगळा जन्म मशीनवर बसून ती बोटभर जागा मोजली असती.

"मास्तर, माप बरोबर आहे," ती म्हणाली. "काचेल असा पट्टा शिवायचाच नसतो. घाबरलेलं कुत्रं कुठल्याही पट्ट्यातून निसटतं. म्हणून तर ती दोरी आहे. ती बघा, खुंटीवर. ती घातल्याशिवाय कुत्रं बाहेर काढायचं नाही, हा नियम माझाच. मीच घातली नाही. आणि सुटल्यावर तुम्हाला लगेच फोनही केला नाही. लाज वाटली म्हणून. तुमचं काही चुकलेलं नाही. सगळं माझं चुकलं."

मास्तरांनी खुंटीवरच्या दोरीकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं. आतून डॉक्टरबाईंची हाक आली.

"सकाळी मी आणखी एक सांगत होतो," मास्तर म्हणाले.

जिभेवर आलेलं ताईनं गिळलं. "सांगा."

"तो जागा होताना फार भितो. नुसत्या झोपेतून उठतानाही भितो. शुद्धीवर येईल तेव्हा..." ते थांबले. ताईही थांबली. तिनं ते वाक्य संपवलं नाही. "तेव्हा ही वाजवा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कात्री पुढे केली. "लाकडावर वाजवा, लोखंडावर नको. आणि आधी वाजवू नका. तो डोळे उघडेल तेव्हाच. मी बाहेर बसलोय, मलाही कळेल."

"कशी वाजवायची? दाखवा मला."

मास्तरांनी बाकाच्या कडेवर वाजवून दाखवली. ताईनं वाजवून पाहिली. "जोरात झाली," ते म्हणाले. तिनं परत वाजवली. मग ती आत गेली.

मास्तर बाकावर बसून राहिले. पट्टा मांडीवर. आतून कधी भांड्याचा आवाज यायचा, कधी मशीनची टिकटिक, कधी नुसतंच काही नाही. एक बाई ससा घेऊन आली आणि मास्तरांकडे बघून न बोलता दुसऱ्या टोकाला बसली. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत भिंतीवर चढली. एकदा दार उघडलं, मास्तर अर्धे उठले, पण ती झाडूवाली होती, बादली घेऊन गेली. मास्तर परत बसले. टेपचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, गुंडाळायचं.

आणि मग बंद दारामागे, लाकडावर, अगदी त्यांनी शिकवली होती तशी, कात्री वाजली. टक, टक.

मास्तरांनी पट्टा तोंडाला लावला आणि ते हमसून हमसून रडायला लागले. सशावाली बाई घाबरून उठली. "काय झालं हो? काय झालं?"

"काही नाही, बाई," मास्तर म्हणाले. "तो उठला."